न पुरलेली शिळा

मी एक जुनी शिळा आहे. दगड म्हणालात तरी बिघडत नाही, पण मला शिळा म्हटलेलं आवडतं. दगड पुष्कळ पडलेले असतात, त्यांना कुणी विचारत नाही. मित्रांनो, मला विचारत असत. सिनाकोरो गावात गालिपच्या झाडाचे टणक बदाम फोडायचे तर माझ्याकडे यावं लागे, आणि येताना पाय धुऊन यावं लागे.

आज मी एका खड्ड्याच्या काठावर पडले आहे. खड्डा माझ्यासाठीच खणलेला आहे. मला आत लोटायला चार माणसं पुरेत, आणि माणसं तयारही आहेत. तरी मी अजून वर आहे. का, ते सांगते. मी शाळेत गेलेली नाही, तेव्हा मागचं पुढे झालं तर सांभाळून घ्या.

नदीत मी किती वर्षं होते ते मला ठाऊक नाही. एके दिवशी एक बाई पाण्यात उतरली आणि तिच्या पायाला मी लागले. तिने मला उलटंपालटं केलं, पाठ चाचपली आणि म्हणाली, "ही येईल." कपाळाला पट्टा लावून तिने मला पाठीवर घेतलं आणि एकटीने सगळा चढ चढली. पुढे मला या खड्ड्यापर्यंत आणायला चार पुरुष लागले, आणि ते वाटेत दोनदा बसले. हे मी सांगून ठेवते.

त्या बाईने मला आपल्या लेकीला दिलं. लेकीने तिच्या लेकीला दिलं. आमच्या बूगनव्हिल बेटावर असंच चालतं. जमीन आईकडून लेकीकडे जाते, कूळ आईचं लागतं आणि नवरा बायकोच्या घरी नांदायला येतो. भाऊ बहिणीच्या जमिनीची राखण करतो आणि चारचौघांत तिच्या वतीने बोलतो. पण तोंड त्याचं, शब्द तिचा. हे नीट ध्यानात ठेवा. आमच्याकडचा बराचसा घोळ पुरुषांच्या हे ध्यानात न राहिल्यामुळे झाला आहे.

माझ्या पाठीवर सात खळगे आहेत. एकेका बाईचा एकेक. बदाम खळग्यात उभा ठेवायचा, वरून गोटा मारायचा, टक्. जोरात मारला तर आतल्या गराचा भुगा होतो, हळू मारला तर कवच हसतं. सातवा खळगा डोमिनिकाचा. ती माझ्यासमोर बसली की सगळ्या गावाचा निवाडा होई. कुणाच्या सुरणाला कीड लागली, कुणाचा नवरा आळशी निघाला, कुणाच्या तामातामात खोबऱ्याचं दूध कमी पडलं. अळूचे कंद आणि केळी कुटून त्यावर बदाम घातले की तामातामा होतो, आणि माझ्यावर फोडलेले बदाम नसतील तर डोमिनिका पान बाजूला सारायची. मला त्याचा अभिमान वाटे. अजून वाटतो.

डोमिनिकाला एक भाऊ होता, अलोइस. स्वभावाने मऊ माणूस. कुणी मोठ्याने बोललं की हो म्हणायचा. खाणीची कंपनी आली तेव्हा तिच्या माणसांनी रस्त्यासाठी जमीन मागितली, आणि मागितली ती पुरुषांकडे. अलोइसने कागदावर अंगठा उठवला. डोमिनिकाला कळलं ते झाडं पडायला लागल्यावर.

"अरे, जमीन तुझी होती का?" ती म्हणाली.

"अक्का, त्यांनी मलाच विचारलं."

"उद्या तुला विचारतील, तुझ्या बहिणीला किती लेकरं व्हावीत. सांगशील का आकडा?"

तो हसला. त्या वेळी सगळेच हसले. पुढे नदी तांबडी झाली, मासे मेले, आणि हसणं संपलं.

मग भडका उडाला. बेटावरची पोरं आधी कंपनीशी लढली, मग समुद्रापलीकडून आलेल्या फौजेशी, आणि मग एकमेकांशी. दहा वर्षं. आमच्याकडे त्याला नुसतं संकट म्हणतात, दुसरं नाव लागत नाही. बोटी बंद झाल्या. मीठ नाही, साबण नाही, तापावर गोळी नाही. बायकांनी समुद्राचं पाणी आटवून मीठ केलं आणि खोबरेल तेलावर दिवे लावले. आमच्या सिनाकोरोची पोरं फौजेच्या बाजूला गेली. खालच्या आराकावी गावची पोरं जंगलात जाऊन लढू लागली. काल एकाच वाफ्यातलं रताळं खाणारे आज एकमेकांवर बंदूक रोखत होते.

जंगलातल्या पोरांचा म्होरक्या होता इग्नास. आराकावीचाच. लहानपणी तो आमच्याकडे बदाम खायला यायचा आणि डोमिनिकाला मावशी म्हणायचा.

बदामाच्या हंगामात एका दुपारी तो आला. बरोबर सहाजण, सगळ्यांकडे बंदुका. डोमिनिका मळ्यात होती. माझ्यासमोर तिची लेक पेर्पेतुआ बसली होती, पंधरा वर्षांची. माझ्या पाठीवर तिचा आठवा खळगा नुकता धरू लागला होता. अलोइस ओट्यावर बसून सुपारी खात होता.

"मामा," इग्नास म्हणाला, "स्वयंपाकाला पोरी हव्यात. चौघी नेतो. दोन दिवस."

अलोइसने बंदुकीकडे पाहिलं. मग जमिनीकडे पाहिलं. "दोन दिवसांनी आणून सोडा," तो म्हणाला. शेजाऱ्याला कुऱ्हाड उसनी द्यावी तसं म्हणाला.

पेर्पेतुआ उठली. तिने मामाकडे पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिली. मग गेली. तिच्याबरोबर गावातल्या आणखी तिघी गेल्या. त्या तिघींची नावं मी सांगणार नाही, आणि पेर्पेतुआवर पुढे काय गुजरलं तेही सांगणार नाही. ते त्यांचं आहे. त्यांच्या तोंडून यायला हवं. ही सगळी गोष्टच त्यासाठी आहे.

आठ दिवसांनी फौज आली आणि जंगलातल्यांना पोरी दिल्या म्हणून गाव पेटवलं. लोक डोंगरात पळाले. मला कोण उचलून नेणार? घर माझ्यावर जळत पडलं आणि मी काळी झाले.

मित्रांनो, मग मी एकटी राहिले, आणि हे सांगताना मला अजून गारठायला होतं. वेली आल्या. त्यांनी आधी चूल झाकली, मग ओटा, मग मला. माणसाचा आवाज नाही, कोंबडं नाही. पण दुपार झाली की माझ्या पाठीवर आवाज व्हायचा. टक्. थांबायचा. टक्. वर कुणी नसायचं. पान हलायचं नाही. मी सात जणींचे हात ओळखते, कोण कशी मारते ते मला कळतं. हा हात आठव्या खळग्यावर मारत होता. मला वाटलं, पोर गेली. मेलेली माणसं आपापल्या कामावर परत येतात, तशी ही आली.

ती मेली नव्हती. चौदा महिन्यांनी ती सुटून डोंगरात आईला जाऊन मिळाली होती. आणखी दोघी आल्या. चौथी आली नाही. संकट संपल्यावर लोक गावात परतले, वेली तोडल्या, आणि पेर्पेतुआ माझ्यासमोर उभी राहिली. चालती बोलती बाई. पण बसली नाही. वाटेकडे पाठ करून ती कुठेच बसायची नाही. पहिल्या दुपारी तिने भिंतीला टेकून विचारलं, "आई, बदाम कोण फोडतंय?"

"कुणी नाही ग."

"मला ऐकू येतंय."

मलाही येत होतं. माणूस जिवंत असताना त्याचं भूत होतं, हे मला तेव्हा कळलं.

बंदुका टाकून आलेल्या पोरांच्या गळ्यात लोकांनी फुलांच्या माळा घातल्या. इग्नास पंचांत बसू लागला, गोऱ्या पाहुण्यांशी बोलू लागला, देवळात पुढच्या बाकावर दिसू लागला. परत आलेल्या पोरींसाठी माळा नव्हत्या. नदीवर एक शेजारीण म्हणाली, "आल्या बघा जंगलातल्या राण्या."

डोमिनिकाने धुणं खाली ठेवलं. "तुझ्या जिभेला काम नसेल तर आण इकडे," ती म्हणाली. "आमच्या शिळेवर ठेव. फोडून देते."

त्यानंतर डोमिनिकाच्या कानावर कुणी काही घातलं नाही. पेर्पेतुआच्या कानावर जायचं ते जातच राहिलं.

मग समेटाचं ठरलं. सिनाकोरो आणि आराकावी. आमच्याकडे समेट असा होतो: दोन्हीकडचे डुकरं कापतात, एकत्र जेवतात, सुपारी आणि चुना एका डबीतून खातात, बाण मोडतात, आणि शेवटी थोरल्या आईच्या घरची शिळा जमिनीत पुरतात. दोन्ही बाजू तिच्यावर पाय ठेवतात, मग माती लोटतात. शिळा गेली की विषय गेला. त्यानंतर जो कुणी तो विषय काढेल त्याच्या छातीवर ती शिळा बसते आणि तो मरतो, असं मानतात. मी काही कुणाच्या छातीवर बसणारी नाही. पण मानतात, आणि मानलेलं फार जड असतं.

अलोइस आला आणि चुलीशी बसला. आत पेर्पेतुआ नारळ खवत होती.

"अक्का, तुझी शिळा लागेल."

"मग बदाम कशावर फोडू? तुझ्या टाळक्यावर?"

"चेष्टा नको. दोन्ही गावांनी मान्य केलंय. मेलेल्यांची यादी झालीय. आपले सहा, त्यांचे पाच."

त्या सहांत डोमिनिकाचा थोरला लेक होता. त्याचं हाडही तिला मिळालं नव्हतं, आणि समेट झाल्याशिवाय आराकावीचे लोक जागा दाखवणार नव्हते. ती म्हणाली, "आणि पोरी?"

अलोइसने तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "पोरींचं मिटलंय."

"कधी मिटलं? मी कुठे मेले होते तेव्हा?"

"पुरुष बोललोय आम्ही. अक्का, ते चव्हाट्यावर आणलं तर पोरीचीच अब्रू जाईल."

"तिची का जाईल? तिने काय चोरलंय? तुझ्या मिशा पांढऱ्या झाल्या अलोइस, अक्कल मात्र अजून कच्चीच."

खवणीचा आवाज थांबला. पेर्पेतुआ दारात आली. "मामा, शिळा पुरली की मला बोलता येणार नाही."

"म्हणूनच पुरायची, पोरी. सगळ्यांनी विसरायचं."

"मला कुणी विचारलं का, विसरतेस का म्हणून?"

अलोइस उठून गेला. डोमिनिका बराच वेळ माझ्यावर हात ठेवून बसली. एका हातात मेलेला लेक, दुसऱ्या हातात जिवंत लेक. शेवटी तिने निरोप धाडला, शिळा घेऊन जा, पण माती मी उघडेन. तो तिचा हक्कच होता. आमच्याकडे समेटाच्या खड्ड्याची पहिली माती त्या जमिनीची थोरली आई उघडते. तिच्या काठीने, तिच्या हाताने. मग बाकीचे खणतात.

समेटाच्या दिवशी चार पुरुषांनी मला आणलं. तेव्हा खड्डा तयारच होता. अलोइसने सकाळीच जवान पोरांना फावडी देऊन खणून घेतला होता. पाहुणे यायचे होते, डुकरं तापल्या दगडांवर घातली होती, म्हातारीची वाट कुठे बघायची. डोमिनिका काठी घेऊन आली आणि तिने खड्डा पाहिला. काही बोलली नाही. काठी टेकून उभी राहिली. ती बोलत नाही तेव्हा जपून असावं, हे तिच्या भावालाही ठाऊक होतं, पण तो पाहुण्यांत गुंतला होता.

इग्नास पांढरा सदरा घालून आला. देवळात प्रार्थना घेणाऱ्या मास्तरांनी यादी वाचली. अकरा नावं. एकेका नावाला कुठल्या ना कुठल्या आईने हुंदका दिला. मग मास्तर म्हणाले, "आता दोन्ही बाजूंनी पाय ठेवावेत."

"थांबा," पेर्पेतुआ म्हणाली. "माझं नाव राहिलंय."

मास्तर गोंधळले. भला माणूस होता. "बाई, या यादीत मेलेल्यांची नावं आहेत."

"मग मला मेलेली धरा आणि वाचा."

इग्नास माझ्यापाशी पाय उचलून उभा होता, तो त्याने खाली घेतला. "तुझं मिटलंय," तो हळू आवाजात म्हणाला. "तुझ्या मामाला विचार."

सगळ्यांच्या माना अलोइसकडे वळल्या. त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला. "गेल्या सणाला आपल्याकडे जे डुक्कर कापलं," तो म्हणाला, "ते इग्नासने दिलं होतं. तुझी भरपाई म्हणून. तू खाल्लंस, पोरी. आपल्यात खाल्लं म्हणजे मान्य."

मी खाली होते, मला तिचे पाय दिसत होते. पायांची बोटं मातीत रुतली. मग ती वळली, नीरफणसाच्या झाडामागे गेली आणि तिथे वाकून ओकत राहिली. एवढ्या महिन्यांपूर्वीचं खाल्लेलं कुठे बाहेर येतं? पण ती ओकत होती. लोकांना वाटलं, झालं, संपलं. मास्तरांनी कागदाची घडी घातली.

"न सांगता खायला घातलेलं ते नुसतं मांस," डोमिनिका म्हणाली. "त्याला समेट म्हणत नाहीत. आमच्या आयांनी तरी नाही म्हटलं."

"पण खाल्लं तर खाल्लंच ना, मावशी," इग्नास म्हणाला.

तेवढ्यात पेर्पेतुआ परत आली. तिच्या हातात दोर होता आणि दोराच्या टोकाला तिची डुकरीण. तीन वर्षं पोसलेली, पोटुशी. तिच्याकडे त्या डुकरिणीशिवाय स्वतःचं म्हणावं असं काही नव्हतं. ती सरळ इग्नासकडे गेली आणि दोर त्याच्यासमोर धरला. माणूस काय करतो? समोर काही धरलं की हात पुढे होतो. त्याने दोर घेतला. घेतल्यावर त्याला कळलं.

"तुझं तुला पोचलं," ती म्हणाली. "आता आपलं काही मिटलेलं नाही."

चारचौघांसमोर परत केलेलं डुक्कर आमच्याकडे नाकारता येत नाही. इग्नास दोर धरून उभा राहिला, आणि डुकरीण त्याच्या पांढऱ्या पाटलोणीला अंग घासत राहिली. मागून एकजण ओरडला, "समेट मोडला. सिनाकोरोने समेट मोडला." आराकावीची पोरं उठली. आमची उठली. बाण अजून मोडायचे होते आणि कोयते कमरेलाच होते. मित्रांनो, दहा वर्षांचं संकट असंच एका ओरडण्याने सुरू झालं होतं. मला वाटलं, पुन्हा जळायची वेळ आली.

डोमिनिका पुढे आली आणि माझ्यावर बसली. आरामात, बदाम फोडायला बसावं तशी.

"कुठला समेट मोडला?" ती म्हणाली. "मास्तर, खड्ड्याची पहिली माती कुणी उघडायची असते?"

"थोरल्या आईने," मास्तर म्हणाले.

"मी उघडली का?"

"नाही."

"अलोइस, मी उघडली?"

"घाई होती, अक्का. पोरांनी जरा..."

"मग हा खड्डाच नव्हे. नुसतं भोक आहे. कुत्री उकरतात तसं." तिने काठी खड्ड्याच्या काठावर आपटली. "समेट मोडलेला नाही, कारण तो अजून सुरूच झालेला नाही. डुकरं शिजलीत, ती खा आणि आपापल्या घरी जा. ज्यांना बोलायचंय त्यांचं बोलून झालं की मी माती उघडेन. त्याआधी शिळेला कुणी हात लावायचा तर मला शिळेसकट पुरावं लागेल."

आराकावीचा एक म्हातारा आधी हसला. मग खाली बसला. तो बसल्यावर पोरं बसली. पुरुषांनी घाईत केलेल्या चुकीने त्या दिवशी गाव वाचलं. याचं श्रेय अजून कुणी कुणाला दिलेलं नाही.

मला तिथेच सोडून लोक गेले. डोमिनिकाच्या थोरल्याची जागाही कुणी दाखवली नाही. आपण काय गमावलं ते तिने घरी जाताना लेकीला बोलून दाखवलं नाही, आणि लेकीने विचारलं नाही.

पुढचे पाच महिने वाईट गेले. खड्ड्यात पाणी साचलं, बेडूक आले, कडा ढासळल्या. पुरुष मला लांबून वळसा घालत. लेकरांना इकडे येऊ देत नसत. पेर्पेतुआ पाण्याला निघाली की कुणीतरी म्हणे, "हिच्यापायी समेट अडलाय." ऐकून ती पुढे जायची. धुकं उतरलं की खड्डा दिसेनासा होई, नुसती जाणीव राही की शेजारी काहीतरी तोंड उघडून बसलं आहे. आणि अशा दिवसांत बायका यायच्या. एकेकटी, मळ्यातून परतताना. टोपली खाली ठेवायची, माझ्याशेजारी बसायची, ओठ हलवायची. काय बोलत ते मला कळे. आमच्याच गावच्या नव्हेत, आराकावीच्याही यायच्या. फौजेच्या लोकांनी त्यांच्याकडच्याही पोरी नेल्या होत्या, आमच्याच पोरांनी वाट दाखवली होती. हे कुठल्याच यादीत नव्हतं. संकटात एकदा मला गोळी लागली होती, तेव्हा नुसता कपचा उडाला होता. हे ऐकताना आत तडा गेला. वरून दिसत नाही.

एका दुपारी इग्नास आला. एकटा. तो माझ्यासमोर उकिडवा बसला, इकडेतिकडे पाहिलं, आणि बोलला. सगळं बोलला. कुठे नेलं, किती दिवस ठेवलं, दाराशी कोण उभं असायचं, चौथी पोर कुठल्या ओढ्याकाठी पुरली आहे. आवाज अगदी बारीक, मुंग्यांना सांगावं तसा. बोलून झाल्यावर त्याने मोठा श्वास सोडला, पाटलोण झटकली, आणि त्याचा चेहरा हलका झाला. मला इतका संताप गाव जाळणाऱ्यांचाही आला नव्हता. माझ्यापाशी बोलून हलका होणारा तू कोण? मी काय तुझं घेणं लागते?

तो उठला आणि थबकला. वरच्या वाटेवर पेर्पेतुआ उभी होती, पाठीवर कंदांची टोपली. किती वेळ उभी होती ठाऊक नाही.

"शिळेला ऐकू येतं का रे?" तिने विचारलं.

त्याने पाटलोण पुन्हा झटकली.

"मला येतं," ती म्हणाली. "मास्तरांना येतं. तुझ्या आईलाही येतं. रविवारी ये."

तो त्या रविवारी आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी आला. प्रार्थना संपल्यावर दोन्ही गावं या खड्ड्यापाशी जमली. इग्नास बोलला. अडखळत, दोनदा पाणी पिऊन. तिचं नाव घेतलं, आणि आपण काय केलं ते त्याला जे म्हणतात त्याच शब्दात सांगितलं, लढाईच्या आड न लपता. एक सुपारी चघळून होईल एवढाच वेळ लागला. पाच महिने, आणि त्याआधीची सगळी वर्षं, एवढ्याशा वेळासाठी. त्याची आई पुढे बसली होती. तिने डोक्यावरून कापड ओढून घेतलं.

मग कुणी बोलावलं नसताना अलोइस उठला. "दोन दिवस म्हणून मीच," तो म्हणाला, आणि त्याला पुढचं बोलता येईना. डोमिनिकाने तोंड उघडलं. मला वाटलं, आता झोडपते. तिने तोंड मिटलं.

सगळे पेर्पेतुआकडे पाहत होते. ती माफ केलं म्हणेल असं त्यांना वाटत होतं. काहींनी तर रडायची तयारीही केली होती.

"ऐकलं," ती म्हणाली. एवढंच.

"मग आता पुरायची ना?" मागून कुणीतरी विचारलं. डोमिनिकाच्या हातात माती उघडायची काठी होती. तिने लेकीकडे पाहिलं. लेकीने वळून बायकांच्या घोळक्याकडे पाहिलं. दोघी मान खाली घालून बसल्या होत्या. तिसऱ्या जागी, जी परतली नाही तिची आई बसली होती, आणि तिची मान वर होती. त्यांच्यामागे आराकावीच्या बायका, किती ते मी मोजलं नाही.

"अजून नाही," पेर्पेतुआ म्हणाली. "अजून बाकीच्या आहेत."

चौथीची ती म्हातारी आई गुडघ्यावर हात टेकून उठू लागली. उठायला तिला वेळ लागला. दोन्ही गावं थांबली. इग्नास जाण्यासाठी वळला होता, तो परत वळला, कारण त्याला ठाऊक होतं ती काय विचारणार ते. ओढ्याकाठची ती जागा फक्त तोच दाखवू शकत होता.

मित्रांनो, म्हणून मी अजून वर आहे. ऊन लागतं, पाऊस लागतो, कोंबड्या अंगावर बसतात, आणि येणारा जाणारा म्हणतो, ही धोंड किती दिवस वाटेत ठेवायची. तुमच्या गावातही अशी एखादी शिळा आडवी पडलेली दिसेल. तिला ढकलून मोकळं व्हायची घाई करू नका. तिच्याशेजारी जी बाई बसली असेल तिला आधी विचारा, तुझं बोलून झालं का. तिच्या भावाला नको, मामाला नको, तिला विचारा. झालं, असं ती म्हणाली की थोरल्या आईला बोलवा, माती उघडायला सांगा, आणि मला हाक मारा. मी जड आहे, पण आडमुठी नाही. येईन.